अंगणातला पुढचा अ‍ॅक्सल

ज्या गाडीचं काम सांगितलेल्या दिवशी होतं, तिच्याबद्दल पुढे कोणी काही बोलत नाही. आली, दुरुस्त झाली, गेली. आमची पिकअप मात्र पुढची दोन्ही चाकं काढलेल्या अवस्थेत सात आठवडे अंगणात उभी होती. तेवढ्यात इतकं काही घडून गेलं, की आता स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी विचारतंच, "मॅडम, त्या गाडीचं सांगा ना." मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. त्याबद्दल अजून एकानेही काही विचारलेलं नाही.

*

आधी गाडीची ओळख. जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप, माझ्या नवऱ्याने, नितीनने, घाटावरच्या एका हौशी माणसाकडून घेतलेली. त्या माणसाने ती लिफ्ट केली होती, म्हणजे स्प्रिंगा वाढवून आणि मोठे टायर घालून चांगली वीतभर वर उचलली होती. आमची आंब्याची बाग गोळपच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर. रस्त्याचा शेवटचा तुकडा नुसता कातळ आणि खडा चढ. तिथून पेट्या खाली आणायच्या तर अशीच गाडी हवी, असं नितीनचं म्हणणं.

गाडी आली, नारळ फुटला, आणि सासूबाई पहिल्या फेरीला निघाल्या. दरवाज्यापाशी येऊन थांबल्या. त्यांच्या कमरेच्याही वर गाडीची पायरी. त्यांनी वर बघितलं, मग मुलाकडे बघितलं.

"गाडी आणलीस की माडी?"

तेव्हापासून स्वयंपाकघरातलं एक स्टूल कायम मागच्या हौद्यात असतं.

*

उंच गाडीला एक खोड होती. भाट्याच्या पुलावर चाकाखाली सांधा आला की स्टिअरिंग असं थरथरायला लागायचं, की हातातून निसटून जाईल. नितीन मालवाहू जहाजावर इंजिनीअर आहे. सहा-सात महिने समुद्रावर, मग तीन महिने घरी. घरी आला की चौथ्या दिवशी त्याचे हात शिवशिवायला लागतात. मिक्सर झाला, पंप झाला, शेजाऱ्यांचाही पंप झाला. मग त्याने पिकअपचा पुढचा अ‍ॅक्सल उघडला. पूर्ण. बेअरिंगं, सील, गिअर, सगळं बाहेर. म्हणाला, सुट्टी अजून पाच आठवडे आहे, नवा करून टाकतो.

तिसऱ्या दिवशी जहाजाच्या एजन्सीचा फोन आला. कोणीतरी आजारी पडलं होतं, परवा कोचीला जहाजावर हजर व्हायचं. नितीनने एका रात्रीत बॅग भरली आणि सगळे सुटे भाग चिवड्याच्या, बिस्किटांच्या डब्यांत भरून वर कागद चिकटवले. "डावं, वरचं." "डावं, खालचं." रिक्षात बसताना मला म्हणाला, "आंबा उतरायच्या आत झालं पाहिजे गो. बबनकाकांना सांग."

लग्नाला सोळा वर्षं झाली. निघताना तो कधी धड निरोप घेत नाही, काहीतरी काम सांगतो. या वेळी अ‍ॅक्सल सांगितला.

*

बबनकाका म्हणजे माझ्या सासऱ्यांचे मित्र. सारा जन्म मिरकरवाड्याला ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करण्यात गेला. आले, काठी टेकून गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, उघडलं कोणी. मी सांगितलं, नितीनने.

"आणि तो गेला बोटीवर?"

"हो."

काकांनी काठीच्या टोकाने एक डबा जरा सरकवला. म्हणाले, "उघडणारे लय असतात, सूनबाय."

त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. डॉक्टरांनी महिनाभर वाकायला आणि जड उचलायला बंदी केली होती. म्हणजे डोकं त्यांचं, हात दुसऱ्या कोणाचे तरी हवेत. गॅरेजवाल्यांना विचारलं, तर दुसऱ्याने उघडलेल्या कामाला हात लावायला कोणी तयार होईना. काकांनी प्लास्टिकची खुर्ची मागवली, गाडीसमोर मांडली आणि मला सांगितलं की कॉलेजातून आलीस की जुना ड्रेस घाल. मला वाटलं, पाना-बिना हातात द्यायला बोलावतायत. अर्ध्या तासात मी गाडीखाली होते.

*

पहिला आठवडा फक्त धुण्यात गेला. प्रत्येक भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, ब्रशने घासायचा, पुसून परत त्याच्याच डब्यात. एकदा मी कॉलेजात असताना सासूबाईंना माझी दया आली. त्यांनी चार डबे उचलले आणि आतले सगळे पातळ पत्रे भांड्यांच्या साबणाने लखलखीत घासून, एका परातीत उन्हात वाळत घातले.

ते पत्रे म्हणजे शिम. चाक ज्या सांध्यावर डावी-उजवीकडे वळतं, त्याच्या वर-खाली ते बसतात. कागदाइतके पातळ, पण कोणता कुठे, हे ठरलेलं. आता सगळे एकत्र झाले होते आणि परातीत चमकत होते. सासूबाईंचा चेहरा इतका आनंदी होता, की काकांनी परातीचं कौतुक केलं. त्या आत गेल्यावर मात्र मला म्हणाले, की आता एकेकाची जाडी मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

पंधरा वर्षं मी मुलांना स्क्रू गेज शिकवते. दर वर्षी कोणीतरी विचारतं, मॅडम, याचा पुढे उपयोग काय, आणि दर वर्षी मी काहीतरी गोलमाल उत्तर देते. दुसऱ्या दिवशी प्रिन्सिपॉलांना अर्ज देऊन मी लॅबमधला एक स्क्रू गेज घरी आणला. कारण म्हणून लिहिलं, "उपयोग."

*

जाडी कळली, पण कुठल्या बाजूला किती, हे कळायला दुसरी परीक्षा होती. सांधा घट्ट बसवायचा, त्याचा पुढे आलेला हात ताणकाट्याने ओढायचा आणि तो किती किलोला हलतो ते बघायचं. तीन ते चारच्या मध्ये हलला तर पास. लवकर हलला तर एक शिम काढायचा, उशिरा हलला तर एक घालायचा.

ताणकाटा कुठून आणायचा? काकांची बायको, सुलभाकाकी, मासे विकते. तिच्याकडे आकड्याला मासा टांगून तोलायचा काटा होता. तिने तो दिला, पण ग्रीस लागलं तर याद राखा, असं बजावून दिला. मी तो घासून घेतला नाही, तेवढा वेळच नव्हता. डावी बाजू चौथ्या खेपेला साडेतीनवर आली. मला इतका आनंद झाला, की मी काकांना टाळी मागितली.

संध्याकाळी बघते तर वाडीतली पाच मांजरं अ‍ॅक्सलखाली बसलेली. एक तर सांधा चाटत होतं. काकी काटा न्यायला आली, तिने ते दृश्य बघितलं आणि नवऱ्याला म्हणाली, "चाळीस वर्षांत तुमच्या कामाला पयल्यांदा गिऱ्हाईक लागलं."

*

गिअरचे दात एकमेकांवर नीट बसतात का, ते बघायला दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावून फिरवायचं. रंग दाताच्या मधोमध पुसला गेला म्हणजे बरोबर. घरात शेंदूर होता तो देवापुढचा. सासूबाईंनी वाटीत काढून दिला, पण कशाला हवाय ते मी नीट सांगितलं नव्हतं.

दुपारी त्या चहा घेऊन बाहेर आल्या. लालभडक गोल गिअर गाडीच्या पोटात मंद फिरत होता. त्यांनी कप खाली ठेवला, चप्पल काढली आणि हात जोडले. काकांनीही जोडले. मग मलाही जोडावे लागले.

रंग अगदी मधोमध पुसला गेला होता. सासूबाईंना त्यात काही नवल वाटलं नाही.

*

थरथरीचं मूळ कारण काकांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. गाडी उंच करणाऱ्याने अ‍ॅक्सलचा कोन सरळ केलाच नव्हता. स्प्रिंग आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचर घातली की कोन सुधारतो. एमआयडीसीतल्या टर्नरकडून पाचरी करून आणल्या. आता जाड बाजू पुढे की मागे?

काका म्हणाले, मागे. मी म्हटलं, पुढे. मी वही काढली, बाणांसकट आकृती काढली आणि त्यांना अर्धा तास समजावलं. ते शेवटी म्हणाले की तू शिकलेली आहेस, बसव. बसवलं, चाकं चढवली, गल्लीच्या टोकापर्यंत नेली. वळवलेलं स्टिअरिंग सरळच होईना. दोन्ही हातांनी ओढून ओढून गाडी परत आणली, आणि त्या तेवढ्या वेळात एका कुंपणाचे तीन चिरे पाडले.

काका खुर्चीतून उठले नव्हते.

"तुज्या वर्गात पोरं किती?"

"साठ."

"त्यांचा कसा व्हायचा?"

*

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना नितीनचं जहाज जिथे फोन लागत नाहीत अशा भागात गेलं. जाण्याआधी त्याने मेसेज टाकला होता, की पाच-सहा दिवस लागणार नाही. सहावा दिवस गेला. आठवा गेला. एजन्सीत फोन केला तर म्हणाले, काळजीचं कारण नाही. असं कोणी म्हटलं की झोप उडते. सासूबाई दिवसातून दहा वेळा फाटकापर्यंत जाऊन यायच्या. मला वर्गात फळ्याकडे तोंड करून उभं राहावंसं वाटायचं.

नवव्या दिवशी रविवार होता. पाचरी उलट्या करून झाल्या होत्या, फक्त चाकं चढवायची राहिली होती. मी सकाळी उठले आणि उजव्या बाजूचा बसवलेला, मोजलेला, पास झालेला सांधा परत उघडायला घेतला. का ते मला सांगता येणार नाही.

काका दहाच्या सुमारास आले. खुर्चीत बसले. मी काय करत्येय ते बघितलं.

"तो ढिला नव्हता," ते म्हणाले.

"माहितीये."

मग त्यांनी मला काकीची गोष्ट सांगितली. तरुणपणी त्यांची बोट बिघडून बुरोंडीच्या बाजूला लागली होती, तीन दिवस घरी निरोप नाही. चौथ्या दिवशी ते घरी पोचले, तर काकीने घरातली चांगली, धड असलेली जाळी उसवून ठेवली होती आणि ती परत विणत बसली होती. काकांनी तिला तेव्हा विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही.

एवढं सांगून ते म्हणाले, "उघड तू. शिम तेवढे वेगळे ठेव."

मी सगळं उघडलं, पुसलं, परत बसवलं. काट्याने ओढलं. साडेतीन किलो, जसं होतं तसंच. दुपारी जेवताना फोन वाजला. नितीन होता. आवाज तुटत होता. सासूबाईंनी आधी घेतला, खूप वेळ सोडला नाही. माझ्या हातात आला तेव्हा तो घाईघाईने विचारत होता, डिफरन्शियलमध्ये तेल कुठलं घातलंस.

*

बाग उतरायला लागली त्या दिवशी मी गाडी घेऊन सड्यावर निघाले. शेजारी सासूबाई. पूल कधी ओलांडला ते समजलंही नाही, स्टिअरिंग हातात नुसतं पडून होतं. गोळपच्या अलीकडे नितीनचा फोन आला. जहाजाला आता रेंज होती. त्याने विचारलं, डाव्या चाकातून कर्रकर्र असा आवाज येतो का, विशेषतः चढाला. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, नीट ऐक, कधी कधी लक्षात येत नाही. मी म्हटलं, तूच ऐक.

फोन सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी हात खिडकीबाहेर काढून तो चाकाच्या दिशेने धरला. मी फोर-व्हील टाकला आणि कातळावरचा चढ घेतला. इंजिनाचा आवाज, टायरखाली फुटणारा जांभा, कुठेतरी आमच्या गड्याने मारलेली हाक, टपाला घासणाऱ्या काजूच्या फांद्या. सासूबाई हात तसाच धरून राहिल्या. वरच्या गडग्यापाशी, बागेच्या दगडी कुंपणापाशी, पोचायला सात-आठ मिनिटं तरी लागली असतील. मी गाडी उभी केली. फोन बंद पडला असेल असं मला वाटलं. कानाला लावला.

"आहेस का? आला का कुठे आवाज?"

"नाही आला," नितीन म्हणाला. "अजून थोडी चालव."