थोरल्याने दिलेला निकाल

बाटल्यांच्या कारखान्यात थोरल्याचं काम एकच. पट्ट्यावरून सरकत येणारी बाटली पांढऱ्या दिव्यासमोर आली की तडा, बुडबुडा, वाकडं तोंड बघायचं आणि तसं काही दिसलं की ती उचलून टोपल्यात टाकायची. एकोणीस वर्षं हेच. चांगली बाटली कशी असते असं विचारलंत तर तो गोंधळेल, कारण चांगली बाटली त्याने कधी पाहिलेलीच नाही. ती नजरेखालून जाते, इतकंच.

दुसरं वेड बॉक्सिंगचं. स्वतः कधी कुणाला चापट मारली नसेल, पण टीव्हीवरची एक लढत सोडेल तर शपथ. आवाज बंद, मांडीवर वही, फेरीगणिक गुण लिहायचे. पंचांनी घोळ घातला की आळीतले चार जण याच्या दारात हजर. हा वही उघडून सांगायचा आणि वाद तिथेच मिटायचा. बायको म्हणायची, घरातलं मीठ संपलेलं दिसत नाही, लोकांचे ठोसे बरे दिसतात.

धाकटा भाऊ मात्र खराखुरा बॉक्सर. त्याची निवडीची लढत झाली, तीन फेऱ्यांची, आणि पाचांपैकी तीन पंचांनी समोरच्याला जिंकवलं. सभागृहात एकच ओरडा झाला. थोरलाही तिथेच वही घेऊन बसला होता. कोचने हरकतीचा अर्ज लिहूनही ठेवला. मुदत चार दिवसांची, फक्त धाकट्याची सही बाकी. पुढच्या वर्षी तो वयात बसणार नव्हता, म्हणजे जे काय व्हायचं ते या अर्जावर.

धाकट्याने सही केली नाही. आधी थोरल्याकडे आला आणि चपला न काढता दारातच उभा राहिला.

"दादा, तुझी वही काय म्हणते?"

"एका गुणाने तो," थोरला म्हणाला.

खोटं बोलायचं त्याच्या मनातही आलं नाही. आजवर परक्यांना खरं ते सांगितलं, मग सख्ख्या भावाला वेगळं माप कसं लावायचं? आपण किती सरळ माणूस आहोत याचं त्याला थोडं कौतुकही वाटलं, ते लपवण्यात अर्थ नाही. धाकट्याने मान हलवली, घरी जाऊन अर्ज फाडला आणि त्याच आठवड्यात एका गोदामात कामाला लागला.

लढतीनंतर सहाव्या दिवशी, अर्जाची मुदत टळून गेल्यावर, कोचने लढतीचं चित्रण पाठवलं. थोरल्याने ते सवयीने आवाज बंद करून लावलं. पहिली फेरी संपेपर्यंत त्याचं पेन थांबलं होतं. समोरच्याला बसलेले हे ठोसे त्याने सभागृहात पाहिलेच नव्हते. तिथे तो सगळा वेळ धाकट्याकडेच बघत होता. हात खाली आला, हनुवटी उघडी पडली, हा खाल्ला, तोही खाल्ला. काळजीपोटी म्हणा, कारखान्याच्या सवयीने म्हणा, भावाचं चुकलं तेवढंच त्याने वेचलं होतं.

नव्याने गुण लिहिले. तिन्ही फेऱ्या धाकट्याच्या.

काळजात चर्र व्हायला हवं होतं. झालं नाही. त्याने टीव्ही पुसला, वही फडताळात ठेवली, बायकोने विचारलं तर काही नाही म्हणाला. दुसऱ्या दिवशी दिव्यासमोर बसून शिफ्ट पुरी केली. हात चालत होते, आत सगळं बधिर होतं. सुटल्यावर तो सरळ गोदामात गेला. धाकटा खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

"तू जिंकला होतास," थोरला म्हणाला. "चूक माझी झाली."

धाकट्याने हातातली पट्टी पूर्ण चिकटवली, वरून तळवा फिरवला.

"मला रिंगमध्येच कळलं होतं, दादा. पण तू 'तो' म्हणालास. मला वाटलं, माझीच समजूत खोटी. तू कशाला चुकशील?"

आवाजात राग नव्हता. असता तर थोरल्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. रडू आलं असतं तरी बरं झालं असतं. तो नुसता उभा राहिला. शेवटी धाकट्यानेच त्याला जरा बाजूला व्हायला सांगितलं, कारण खोकं तिकडून न्यायचं होतं.