अकरा नंबरचा सहावा फाउल

शिट्टी वाजली की पंचाने खूण करायच्या आत आमच्या गार्डचा हात वर गेलेला असे. फाउल करणाऱ्याने हात वर करायचा, अशी तेव्हा रीत होती. बाकीचे नाइलाजाने खांद्यापर्यंत उचलत. हा मात्र कोपर ताठ करून, वर्गात उत्तर येणाऱ्या मुलासारखा.

मी हॅमिल्टनच्या स्टील प्लांटमध्ये इंजिनियर होतो आणि शनिवारी एका छोट्या व्यावसायिक बास्केटबॉल संघाचा स्कोअरर. टेबलाशी बसून गुण आणि फाउल वहीत लिहायचे. सहा फाउल झाले की खेळाडू बाहेर. गार्ड म्हणजे चेंडू पुढे नेऊन इतरांना खेळवणारा. आमचा गार्ड अकरा नंबरचा, संघात सगळ्यांत बुटका. आठवडाभर गॅरेजमध्ये लोकांचे विंटर टायर बसवायचा. माझ्या चष्म्यामुळे मला प्रोफेसर म्हणे. हात इतक्या लगेच का वर करतोस, असं विचारलं की म्हणायचा,

"खोटं बोलायला दम लागतो, प्रोफेसर. तो मी पळायला ठेवतो."

रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई. माझी बायको चिडवायची, "अहो, शनिवारी त्याच्या चुका लिहिता आणि वर त्यालाच पुरणपोळी वाढता?" मी त्याला इंग्रजीत अर्थ सांगितला तेव्हा तो हसून म्हणाला, "वैनी, चुका माझ्या. अक्षर फक्त याचं." 'वैनी' हा शब्द त्याने आमच्याकडूनच उचलला होता.

तीन हिवाळे गेले आणि मी पंचाकडे बघणं सोडलं. त्याचा हात वर गेला की अकरासमोर खूण. कधी चुकलं नाही.

त्या शनिवारी त्याला बघायला मोठ्या लीगचा माणूस आला होता. हे सगळ्यांना माहीत होतं. गार्डचं वय एकतीस, म्हणजे पुन्हा कोणी येणार नव्हतं. शेवटचा डाव, त्याचे पाच फाउल झालेले. बास्केटखाली गर्दी झाली, समोरच्या संघाचा एक खेळाडू आपटला, शिट्टी वाजली. गार्डचा हात वर गेला. मी सहावी खूण केली. मग दिसलं, तो हात हलवून पडलेल्यासाठी ट्रेनरला बोलावत होता.

शेजारचा घड्याळवाला हळूच म्हणाला, "तो फाउल सातचा होता बहुतेक." गर्दीत पंचालाही नंबर दिसला नव्हता, वर गेलेला हात तेवढा दिसला होता. तो टेबलाशी आला. "अकराचे सहा? नक्की?"

खोडायला पेन्सिल हातात होती. टेबलाशी बसलेला माझ्या रंगाचा माणूस मी एकटाच, आणि हॉल भरलेला. मी म्हणालो, "सहा."

गार्डने माझ्याकडे पाहिलं, मग वहीकडे. हात वर केला आणि बाकावर जाऊन बसला. आमचा सात नंबरवाला बुटाची नाडी बांधत होता.

त्याला कोणी बोलावलं नाही. दोन वर्षांनी संघही बंद पडला. मग निवृत्त होईपर्यंत त्याने शाळेची बस चालवली. गावात त्याचं नाव राहिलं ते 'ऐनवेळी सहा फाउल करणारा' म्हणून. रविवारी तो येतच राहिला. कधीतरी जेवता जेवता म्हणायचा, "माझे सगळे फाउल मला आठवतात, प्रोफेसर. तो एक सोडून." मी त्याला आणखी भात वाढत असे. बायको गेली, तरी तो येत होता. तिलाही मी हे सांगितलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरात तो वारला. प्रार्थनेनंतर त्याची मुलगी म्हणाली, "डॅड शेवटपर्यंत तो सामना मनात खेळत होते. आपल्याकडून नकळत काय झालं, हे शोधत होते." मग तिने विचारलं, आणखी कोणाला बोलायचंय का? दोन-तीन हात वर झाले. माझे कोटाच्या खिशात होते.

आता मी ब्याऐंशी वर्षांचा आहे. तिला काल पत्र टाकलं. इथे आपल्या मराठी माणसांसाठीही तेच लिहितो. त्या दिवशी अकरा नंबरचे फाउल पाच होते. सहावा त्याला आठवत नव्हता, कारण तो त्याने केलाच नव्हता.