मागच्या सीटचा बेल्ट

बाबांना ओझरहून नाशिकच्या दवाखान्यात नेणारा ड्रायव्हर मूळचा मालेगावचा, बरीच वर्षं दुबईत टॅक्सी चालवून परतलेला. मागे बसलेल्या बाबांनी बेल्ट लावल्याशिवाय तो चावी फिरवत नाही.

“इथे मागे कोण बघतंय?” बाबा कुरकुरायचे.

“चाचा, तिकडं पोलीस दिसायचा नाय, दंडाचा मेसेज यायचा. इथला हवालदार दिसतो, पण हसून सोडून देतो. मग धाक मलाच ठेवावा लागतो.”

परवा द्वारका चौकात सिग्नल तोडून टेम्पो आडवा आला. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला. बाबांच्या खांद्यावर फक्त बेल्टचा वळ उठला. गाडी बाजूला घेऊन त्याने आधी बाबांना पाणी दिलं.

आता रिक्षात बसले, तरी बाबांचा हात खांद्यामागे बेल्ट शोधतो.