बंद प्रेसचं रेकॉर्डिंग

आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. युनियनची, अंधश्रद्धेविरुद्धची, पाण्याच्या मोर्चाची. आईवडील ती वाटायचे आणि उरलेल्यांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवायचे. पुढे बँडसाठी गाणी लिहायला बसले तेव्हा तीही पत्रकासारखीच उतरली. आमच्या गिटारवाल्याला ती तशीच हवी होती. इंडस्ट्रियल मेटल म्हणजे गिटारच्या जोडीला यंत्रांचे आवाज. बाहेरचे बँड ते कॉम्प्युटरवर बनवतात. कारखान्यांच्या शेडनी भरलेलं उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असताना आपण बनावट आवाज का वापरायचे, असं मी भांडून सांगायचे.

गिटारवाल्याचे वडील, म्हणजे आमचे काका, तिथल्या एका शेडमध्ये पॉवर प्रेस चालवायचे. समोर स्टूल, पायाखाली पेडल. पाय दाबला की वरचा ठोकळा पत्र्यावर आदळायचा. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्या ठोकळ्याने नेली होती. दिवाळीनंतर ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या स्टुलावर मुलाला बसवायचं मालकाशी ठरलं होतं. मुलाने एवढंच मागून घेतलं होतं की आधी अल्बम होऊ दे.

प्रेसचा सुटा आवाज काही मिळेना. शेजारची लेथ आणि ग्राइंडरची यंत्रं फक्त खंडेनवमीला एकाच वेळी थांबायची, म्हणून त्या सकाळी आम्ही रेकॉर्डर घेऊन गेलो. पूजा आटोपली होती. यंत्रं धुऊनपुसून, हळदीकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून उभी होती.

"काका, थोडाच वेळ चालवा," मी म्हणाले.

"आज हात लावत न्हाय त्याला."

"यंत्राला काय कळतंय?"

"त्याला न्हाय, मला कळतंय की. पत्रकात कामगारांस्नी सुट्टी मागतीस न्हवं तू? मग ह्या यंत्राची कापायला आलीस व्हय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण गिटारवाल्याने मला डोळ्यांनीच गप्प केलं. "निदान शांतता तरी घेऊ," तो म्हणाला. स्टँड नव्हता, म्हणून त्याने माइक जमिनीवरच्या लोखंडी पत्र्यावर आडवा ठेवला. काका सवयीने स्टुलावर बसले, मुलगा त्यांच्या शेजारी खोक्यावर. दोघांचे पाय त्याच पत्र्यावर. मी दारात पाठ करून उभी राहिले. आतून कसलाच आवाज आला नाही.

दसऱ्याला आम्ही ते स्टुडिओत ऐकलं. तो स्टुडिओ एरवी प्रचाराच्या रिक्षांच्या घोषणा रेकॉर्ड करायचा. साउंडवाल्याने आवाज वाढवत नेला, तसा शांततेच्या तळाशी एक ठोका आला. जड, सारख्या अंतराने. प्रेस ज्या वेगाने चालतो, अगदी त्याच वेगाने.

"मेन स्विच बंद होता," गिटारवाला म्हणाला. "मी बघितलंय."

माझ्या अंगावर काटा आला, आणि आला म्हणून राग आला. आम्ही शेजारच्या शेड आठवल्या. त्याही बंद होत्या. मग साउंडवाला म्हणाला, "ह्यात अजून एक हाय." खरंच होता. पहिल्याच्या किंचित मागे, हलका.

एवढ्यात काका आले. मालकाला सोनं द्यायला मुलाला सोबत न्यायचं होतं. प्रेसमुळे त्यांना कमी ऐकू येई, म्हणून आम्ही हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला आणि स्पीकरही चालू ठेवला. ते ऐकत होते आणि त्यांची टाच वर होऊन खाली येत होती. प्रत्येक ठोक्याला.

"काका, तुमचा पाय," मी म्हणाले.

त्यांनी तो दुसऱ्या कुणाचा असावा तसा बघितला. "मग ह्यो दुसरा ठोका कुणाचा?"

आम्ही सगळ्यांनीच खाली बघितलं. मुलाची टाचही हलत होती, बापाच्या किंचित मागे. तो त्या स्टुलावर कधी बसलेला नव्हता.

"मी न्हाय हलवत," तो म्हणाला. टाच हलतच होती.

काकांनी हेडफोन काढला. "कवापासनं?"

"काय माहीत. झोपंत तुमचा पाय चालतोय, आप्पा. तुमच्याच अंथरुणावर वाढलो मी."

काकांनी आपट्याची पानं उचलली. मुलगा उठायला लागला, तसा त्यांनी त्याचा खांदा दाबला. "तू बस. मी एकटा जातो. स्टूल दुसऱ्या कुणाला बी द्या म्हणतो मालकाला."

तो आवाज अल्बममध्ये घ्यायचा का, हे आम्ही गिटारवाल्यावर सोडलं. त्याने घेतला, फक्त मागचा ठोका काढून टाकायला सांगितला. साउंडवाल्याने बरीच खटपट केली. दोन्ही ठोके एकाच पत्र्यातून आले होते, ते वेगळे होईनात.