मनीषाबाईंवर घेतलेला आळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? घरात आता सगळं छान आहे — म्हणूनच असेल.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. आम्ही सातपूरला राहायचो, हे कंपनीत शिफ्टला जायचे. आमची अश्विनी चार वर्षांची. गोड पोर. पण मनाविरुद्ध काही झालं की भिंतीवर डोकं आपटायची, अंग कुठेही झोकून द्यायची. कधी तासभर. मी खिडक्या लावून घ्यायची — शेजारी काय म्हणतील? सासूबाई म्हणायच्या, "हट्टी आहे, मोठी झाली की सुटेल." मला तेच ऐकायचं होतं.

बालवाडीत तिला मनीषाबाई होत्या. मखमलाबादच्या, घरची फुलशेती, वय जेमतेम तेवीस. एकदा त्यांनी मला बाजूला घेतलं. "ताई, हा नुसता हट्ट नाही हो. ती आतून फार घाबरते. डॉक्टरांना दाखवा ना. लहान आहे तोवर लवकर फरक पडेल."

किती हळू बोलल्या होत्या! आणि मला काय वाटलं? — ही माझ्या पोरीला वेडी ठरवतेय.

त्याच आठवड्यात अश्विनीनं लोखंडी कॉटवर अंग टाकलं. माझ्यासमोर. दंड काळानिळा झाला. दुसऱ्या दिवशी बालवाडीच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "हे कशानं झालं?"

तोंडातून निसटलं, असं म्हणणार नाही. मी ठरवून बोलले — "मनीषाबाईंनी मारलं."

त्या तिथंच उभ्या होत्या. "ताई, मी?" एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून त्या दिसल्या नाहीत.

दोन वर्षांनी, पहिलीच्या वर्गात अश्विनीचं काही केल्या जमेना, तेव्हा शेवटी डॉक्टर गाठले. त्यांनी विचारलं, "आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं?" मी म्हणाले, "नाही." — हे दुसरं खोटं.

वेळ लागला. पण न ओरडता तिच्याशेजारी बसून राहायला मी शिकले, आणि ती हळूहळू, रडू आलं की सांगायला शिकली. आता कॉलेजात जाते. फोनवर मैत्रिणींशी भांडते, हसते. मी स्वयंपाकघरातून ऐकत असते. सुख म्हणतात ते हेच असावं.

ती दहावीला असताना पंचवटीच्या फुलबाजारात मनीषाबाई दिसल्या. झेंडूच्या ढिगामागे बसलेल्या. त्यांनीच ओळखलं.

"अश्विनी कशी आहे? दाखवलं होतं का हो डॉक्टरांना?"

"दाखवलं. छान आहे आता."

चेहरा उजळला त्यांचा. "बरं झालं बाई! मला सारखी आठवण यायची तिची."

"तुम्ही आता कुठं शिकवता?" — हे विचारायची हिंमत कशी झाली मला?

"छे हो. मारकुट्या बाईला कोण ठेवणार?" हे अगदी सहज म्हणाल्या, आणि माझी फुलं तोलू लागल्या.

तेव्हा बोलता आलं असतं. मी झेंडूचा भाव विचारला, पिशवी उचलली आणि घरी आले.

मनीषाबाईंनी माझ्या मुलीवर कधीच हात उचलला नव्हता. मी खोटं बोलले.