नाल्यातला रंग

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात आज कोणत्या रंगाचा माल निघणार, हे मला गेटच्या आधीच कळायचं. वाटेतल्या पुलावरून नाला दिसतो. पुलाशी चहा विकणाऱ्या सखूबाई लांबूनच सांगायच्या, "आज हिरवा आहे हो!" मीही हसायचो. वीस वर्षं हसलो, याचं आता नवल वाटतं.

यंदा मालकांनी पाणी शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली, रंगवायची पद्धतही बदलली. मला वाटलं, परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायचं खूळ असेल. गिऱ्हाइकं वाढलीही. पण रंगखात्यातले रफीकचाचा माझ्यासमोर ओला टॉवेल पिळून म्हणाले, "बघा, पाणी साफ. इतकी वर्षं नाल्यात सोडला, तो रंग काय फुकट आणला होता?"

घाण म्हणून आपण जे सोडून देतो, त्यात आपलंच किती वाहून जात असतं! आणि ते ज्यांच्या दारावरून वाहतं, त्यांना आपण कधी विचारतही नाही.

काल चहा देताना सखूबाईंनी हळूच विचारलं, "भाऊ, कारखाना बंद पडला का?"

"नाही हो, जोरात चालू आहे."

त्या कठड्यावरून वाकून खाली बघत राहिल्या.

"मग तळ कसा दिसतोय?"