हावर्कांच्या घरावरचा बोजा

अमेरिकेतल्या आमच्या नेब्रास्कात मार्चच्या पहिल्या सोमवारी थकलेल्या घरपट्ट्यांचा लिलाव होतो. कोर्टाच्या इमारतीत ओळीने बसायचं आणि पाळी आली की यादीतलं एकेक घर उचलायचं. त्याची थकबाकी आपण भरायची, म्हणजे त्या घरावर आपला बोजा चढतो. मालकाने फेडलं तर वर्षाला चौदा टक्के व्याज. तीन वर्षांत फेडलं नाही, तर घर आपल्या नावावर करून मागायचं. त्यालाही मुदत असते. ती चुकली की बोजा गेला आणि पैसेही गेले.

शहरातून आलेली माणसं मांडीवर संगणक घेऊन बसतात. लव्हॉन टीट्जेन रिकाम्या हातांनी बसायची. एकतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली होती. कुठल्या फाटकाशी पोरं वेळेवर उभी असत, कुठल्या घरापुढे भोंगा वाजवावा लागे, सगळं तिला पाठ. वेळेवरच्या फाटकांचेच बोजे ती घेई. आजवर एकही बुडला नव्हता. छप्पर नवं घालायचं म्हणून तिने चार हजार डॉलर साठवले होते. ते थोडे वाढवावेत, एवढाच तिचा हिशेब.

त्या वर्षी तिने मिल रस्त्यावरचं हावर्कांचं घर उचललं. शेजारच्या खुर्चीवरचा मर्ल हसला.

"बघून तरी आलीस का गं?"

"एकतीस वर्षं रोज दोनदा बघितलंय. तू मला घरं शिकवू नकोस."

"घर नाही, फाटक बघितलंयस तू."

पहिल्या वर्षी कोणी फेडलं नाही. दुसऱ्या वर्षीची पट्टीही तिनेच भरली, तिसऱ्याचीही. चार हजार संपले. म्हातारा हावर्का वारला होता. शेवटी घर नावावर करून मागायचा अर्ज तिने लिहून ठेवला आणि त्याच्या मुलाला, क्लेटनला, ओमाहा शहरात फोन लावला.

"टीट्जेनबाई? अजून भोंगा वाजवता का?"

"तुझ्यासाठी कधी वाजवावाच लागला नाही रे. घरपट्टी भर आता."

"नाही भरणार, बाई. आणि तुम्हीही ते घर घेऊ नका. मागच्या शेडखाली बाबांनी इंजिनांच्या जळक्या तेलाच्या टाक्या पुरल्यात. त्या फुटल्यात. सरकारची नोटीस आली आहे. घर ज्याच्या नावावर, त्याने जमीन साफ करायची. साठ हजार डॉलरचा खर्च आहे."

"आणि आज ते तुझ्या नावावर आहे."

"हो."

"मग गप्प का नाही बसलास? उद्या माझ्या गळ्यात पडलं असतं, तू सुटला असतास."

"बाई, थंडी शून्याखाली चाळीसवर गेली तरी संध्याकाळी मी घरात शिरेपर्यंत तुम्ही बस थांबवून ठेवायच्या. तुम्हाला कसं फसवू?"

मुदतीच्या दिवशी लव्हॉन कोर्टात गेलीच नाही. मर्ल तिच्याकडे आला, तेव्हा ती वरच्या खोलीत गळतीखाली बादली सरकवत होती.

"चार हजार बुडाले की गं!"

"बुडाले," ती म्हणाली. "जरा ती दुसरी बादली दे. आणि पुढच्या मार्चआधी तुझी गाडी लागेल मला. यादीतल्या प्रत्येक घराच्या परसात जाऊन यायचंय."

"पैसे कुठायत तुझ्याकडे?"

"बघायला पैसे लागत नाहीत, मर्ल."